ब्रेक्झिट: नातेवाईक, मित्र आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून येणारे तेच ते प्रश्न

लंडनच्या पश्चिमेला स्लाउ नावाचं गाव आहे. हीथ्रो जवळ, ऑफिसं जवळ, मेथी-कोथिंबीर पंजाबी दुकानात, म्हणून मराठी मंडळीही बरीच. मीही त्यातलाच. २०१६ पासून भारतातून फोन आला की हवापाण्यानंतरचा विषय ठरलेला: ब्रेक्झिट, म्हणजे ब्रिटनचं युरोपीय संघातून बाहेर पडणं. तीच उत्तरं दहादा देऊन झाली, म्हणून एकदा लिहून ठेवतोय. काही प्रश्न दोन ओळींत मिटतात. आयर्लंडचा मिटत नाही, त्याला इलाज नाही.

ब्रिटन नक्की बाहेर कधी पडला? दर बातमीत वेगळी तारीख असते.

सगळ्या तारखा बरोबर आहेत. २३ जून २०१६ ला लोकांनी कौल दिला. २९ मार्च २०१७ ला सरकारने ब्रुसेल्सला, म्हणजे युरोपीय संघाच्या मुख्यालयाला, बाहेर पडत असल्याचं रीतसर पत्र पाठवलं. ३१ जानेवारी २०२० ला रात्री ११ वाजता सदस्यत्व संपलं. (अकराच का? कारण ब्रुसेल्समध्ये तेव्हा बारा वाजतात. बाहेर पडायचं घड्याळसुद्धा त्यांचंच.) आणि ३१ डिसेंबर २०२० ला जुने नियम लागू राहण्याची मुदत संपली. मधले अकरा महिने ब्रिटन युरोपीय संघाचे सगळे नियम पाळत होता, पण ते ठरवणाऱ्या टेबलावर त्याला खुर्ची नव्हती. काडीमोड झालाय, पण नवं घर मिळेपर्यंत त्याच वाड्यात मागची खोली, असा प्रकार.

सार्वमत घ्यायची हौस कुणाला आली होती?

पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांना, आणि हौसेपेक्षा ती पक्षाची गरज जास्त होती. ब्रिटन १९७३ मध्ये तेव्हाच्या युरोपीय समुदायात गेला. १९७५ मध्ये ‘राहायचं का?’ असं एकदा विचारूनही झालं होतं आणि तेव्हा ६७ टक्के लोक हो म्हणाले होते. तरी कॅमेरॉन यांच्या हुजूर पक्षात युरोपचा वाद कधी विझला नाही. त्यात नायजेल फराज यांचा युरोपविरोधी पक्ष हुजूर पक्षाची मतं खाऊ लागला. २०१४ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत तर तो ब्रिटनमध्ये पहिला आला. कॅमेरॉन यांनी २०१३ च्या जानेवारीतच शब्द दिला होता की पुन्हा निवडून आलो तर युरोपशी नव्याने बोलणी करीन आणि मग जनतेला विचारीन. २०१५ मध्ये त्यांना स्वबळावर बहुमत मिळालं आणि शब्द गळ्यात आला. पक्षातलं भांडण मिटवायला काढलेलं औषध अख्ख्या देशाला पाजलं गेलं, असं माझं मत आहे. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, निकाल लागताच, कॅमेरॉन यांनी राजीनामा जाहीर केला.

तू तर भारतीय पासपोर्टवर होतास. मग मत कसं दिलंस?

हा प्रश्न इथले युरोपीय सहकारीही विचारायचे, आणि त्यांच्या आवाजात थोडी धार असायची. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तिथल्या संसदीय निवडणुकीत मत देता येतं. सार्वमतालाही जवळपास तीच मतदारयादी धरली होती. म्हणजे वर्षभरापूर्वी पुण्याहून आलेल्या मला मत, आणि वीस वर्षं इथे घर करून राहिलेल्या, इथे मुलं वाढवलेल्या जर्मन माणसाला नाही. युरोपीय संघातल्या देशांपैकी आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसच्या नागरिकांना मात्र होतं. ज्यांचं सगळ्यात जास्त पणाला लागलं होतं त्यांनी घरी बसून टीव्ही बघायचा होता.

त्या दिवशी लंडन परिसरात धो धो पाऊस होता. मतदान केंद्र म्हणजे एक छोटा हॉल. बाहेर पोलीस नाहीत, रांग नाही, ओळखपत्र कुणी मागितलं नाही (तो नियम २०२३ पासून आला). नाव-पत्ता सांगितला, बाईंनी यादीत रेघ मारली, कागद दिला. आडोशाला गेलो तर दोरीला बांधलेली शिसपेन्सिल! आपल्याकडे बोटाला शाई आणि यंत्राचा तो लांब आवाज झाल्याशिवाय मत दिल्यासारखं वाटत नाही. इथे पेन्सिलीने फुली मारायची आणि घडी घालून पेटीत टाकायची. बाहेर पडून मी बोट बघितलं, सवयीने.

कागदावर विचारलं काय होतं?

ब्रिटनने युरोपीय संघाचं सदस्य राहावं की संघातून बाहेर पडावं, एवढंच. दोन चौकोन, त्यातल्या एकात फुली.

माझ्या मते पुढच्या साडेतीन वर्षांच्या सगळ्या गोंधळाचं मूळ या कागदात आहे. आपल्याकडचं एक उदाहरण घ्या. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं, दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहायचं. ३४,०२१ मतांनी दोन पानं जिंकली. निकाल कुणाला रुचला, कुणाला नाही, त्यावर आजही घरोघरी वाद होतात. पण फुलामागे काय आहे आणि पानांमागे काय आहे, हे मत देणाऱ्याला दिसत होतं. महाराष्ट्र नावाचं राज्य शेजारी उभंच होतं.

ब्रिटनच्या कागदावर ‘राहायचं’ म्हणजे काय ते ठाऊक होतं. ‘बाहेर’ म्हणजे कुठे, हे लिहिलेलं नव्हतं. नॉर्वेसारखं, म्हणजे सदस्य नाही पण सामायिक बाजारात, पैसेही भरायचे आणि माणसांनाही येऊ द्यायचं? कॅनडासारखं, म्हणजे फक्त व्यापार करार? की काहीच करार न करता? बाहेर पडण्याच्या बाजूने प्रचार करणाऱ्यांत या तिन्ही मतांचे लोक होते, आणि तेव्हा ते एकाच व्यासपीठावर होते. ५१.९ टक्के लोकांनी दाराबाहेर जायचं ठरवलं. दारापलीकडे जिना आहे की गच्ची, यावर भांडण नंतर सुरू झालं.

कुठल्या भागाने कसं मत दिलं?

इंग्लंड आणि वेल्स बाहेर, स्कॉटलंड (६२ टक्के) आणि उत्तर आयर्लंड (जवळपास ५६ टक्के) आत. लंडन आत, पण आमचं स्लाउ बाहेर, हे अनेकांना खरं वाटत नाही. तरुणांचा कल राहण्याकडे, वयस्कांचा बाहेर पडण्याकडे.

त्या रात्री संदरलंडचा निकाल आला आणि पौंड गडगडला. ६१ टक्के बाहेर. या शहराची रोजीरोटी निस्सानच्या कारखान्यावर, आणि तिथल्या बहुतेक मोटारी परदेशी जातात, त्यातही युरोपात जास्त. वेल्समध्ये टाटांचा पोलादाचा कारखाना असलेल्या पोर्ट टॅलबटच्या भागानेही बाहेरचाच कौल दिला. ‘स्वतःच्या पायावर धोंडा’ म्हणून हसणारे लंडनमध्ये पुष्कळ भेटले. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. खाणी बंद झाल्या, गोद्या बंद झाल्या, आणि मग दिल्लीत म्हणावं तसं लंडनमध्ये बसून कुणीतरी सांगतंय की आहे ते बरं चाललंय. बऱ्याच लोकांनी त्या कागदावर युरोपचं नाव वाचलंच नाही, लंडनचं वाचलं.

त्या लाल बसवर खोटं लिहिलं होतं ना?

बसवर लिहिलं होतं की आपण युरोपीय संघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, त्याऐवजी ते सरकारी आरोग्यसेवेला देऊ. प्रत्यक्षात मार्गारेट थॅचर यांनी १९८४ मध्ये मिळवलेली सवलत आधीच वजा व्हायची, म्हणजे ३५ कोटी कधी पाठवलेच जात नव्हते. शिवाय शेती अनुदान वगैरे रूपाने त्यातले काही परत यायचे. सरकारी आकडेवारीवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने प्रचार चालू असतानाच हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचं सांगितलं. उपयोग उलटा झाला. खोडून काढायला का होईना, रोज टीव्हीवर ‘३५ कोटी’ ऐकू येत राहिले.

दुसरी बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती. बाहेर पडायचं ठरवलं तर लगेच वर्षभर मंदी येईल आणि बेकारी पाच लाखांनी वाढेल, असं सरकारच्याच अर्थखात्याने मतदानाआधी छापलं होतं. तसं झालं नाही. त्यामुळे नंतर खरे इशारे दिले गेले तेव्हाही ‘पुन्हा तीच भीती’ म्हणून लोकांनी कानाआड केले.

वाटाघाटीत नेमकं ठरवायचं काय होतं?

लिस्बन करारातलं कलम ५०, ज्याच्या आधारे बाहेर पडायचं, ते जेमतेम पाच परिच्छेदांचं. त्यातून कॅमेरॉन यांच्यानंतरच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी २०१८ च्या नोव्हेंबरात आणलेला करार ५८५ पानांचा. युरोपच्या बाजूने मिशेल बार्निये बसले होते आणि त्यांनी पहिल्या दिवसापासून क्रम सोडला नाही: आधी देणीघेणी, मग व्यापाराची भाषा. देणीघेणी तीन. एक, ब्रिटनमधल्या युरोपीय आणि युरोपातल्या ब्रिटिश लोकांचे हक्क. दोन, हिशेब, म्हणजे आधी कबूल केलेल्या खर्चातला वाटा, साधारण ३५ ते ३९ अब्ज पौंड. तीन, आयर्लंडची सीमा. पहिल्या दोनांवर आरडाओरडा झाला, पण तोडगा निघाला.

आयर्लंडच्या सीमेत एवढं काय अडलं होतं?

मुलुंडचा जकात नाका आठवतो? ट्रकांची रांग, कागदपत्रं, खिडकीत डोकं घालून बोलणारे ड्रायव्हर. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तो गेला. आता कल्पना करा की तो नाका पुन्हा बसवायचा आहे, आणि मागच्या वेळी तिथे बॉम्ब फुटले होते.

आयर्लंड बेटावर दोन भाग. दक्षिणेला स्वतंत्र प्रजासत्ताक, युरोपीय संघाचा सदस्य. उत्तरेला उत्तर आयर्लंड, ब्रिटनचा भाग. मधे सुमारे ५०० किलोमीटरची सीमा आणि तिच्यावरून जाणारे दोनशेच्या वर रस्ते. उत्तर आयर्लंड कुणाचं यावरून झालेल्या तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांहून जास्त माणसं गेली. कस्टम्सच्या चौक्या आणि लष्करी नाके हे ठरलेलं लक्ष्य. सामायिक बाजारामुळे १९९३ मध्ये कस्टम्स गेलं, १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर लष्करी बुरूजही गेले. आज तिथून गाडी चालवताना सीमा कळते ती पाटीवर किलोमीटरचे मैल झाले की. उत्तरेतल्या गाईंचं दूध दक्षिणेतल्या डेअरीत जातं. डब्लिनमध्ये बनलेली गिनेस बीअर बाटल्यांत भरायला बेलफास्टला जाते आणि परत येते.

आता ब्रिटन सामायिक बाजार आणि कस्टम्स युनियन (आपसात जकात नाही, बाहेरच्यांना सगळ्यांची एकच) दोन्ही सोडणार म्हटल्यावर माल कुठेतरी तपासावाच लागणार. जमिनीवरच्या सीमेवर तपासला तर शांततेला धोका. इंग्लंड आणि उत्तर आयर्लंड यांच्यातल्या समुद्रात तपासला तर देशाच्या आत सीमा, आणि उत्तरेतले ब्रिटननिष्ठ भडकणार. अजिबात तपासायचा नसेल तर सगळ्या ब्रिटनला युरोपचे नियम पाळत राहावं लागणार, मग बाहेर पडलात कशाला? चौथा रस्ता शोधण्यात वर्षं गेली. ‘तंत्रज्ञानाने होईल’ असं छातीठोकपणे सांगणारे मंत्री होते. कुठल्या तंत्रज्ञानाने, ते कुणी दाखवलं नाही.

आणि त्यात तो आपला वराडकर होता म्हणे?

होता! आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर. वडील अशोक वराडकर डॉक्टर, मूळ गाव सिंधुदुर्गातलं, मालवण तालुक्यातलं वराड. लिओ जन्मले-वाढले डब्लिनमध्ये, आई आयरिश, त्यामुळे ‘आपला’ किती म्हणायचा हे आपलं आपण ठरवा. पण मालवणी माणसाच्या चिवटपणाबद्दल इथल्या मराठी मंडळात त्या दिवसांत बरेच विनोद झाले. सीमेवर नाका नको यावरून ते हलले नाहीत. २०१८ च्या ऑक्टोबरात युरोपीय नेत्यांच्या जेवणाला ते जुन्या वर्तमानपत्राचा अंक घेऊन गेले. त्यात १९७२ मध्ये न्यूरीच्या कस्टम्स कचेरीत झालेल्या स्फोटाची बातमी होती. संघातले बाकीचे सव्वीस देश एका छोट्या देशामागे शेवटपर्यंत उभे राहिले, हे लंडनला अपेक्षित नव्हतं.

१० ऑक्टोबर २०१९ ला मे यांच्यानंतर पंतप्रधान झालेले बोरिस जॉन्सन आणि वराडकर इंग्लंडमधल्या ‘विरल’ नावाच्या भागात एका हवेलीत भेटले आणि तिथून गाडी रुळावर आली. त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटी लिओ कुटुंबासह वराडला येऊन गेले.

थेरेसा मे यांचा करार संसदेने तीन-तीनदा का पाडला?

त्यांच्या करारात ‘बॅकस्टॉप’ होता. दुसरा उपाय सापडेपर्यंत अख्खा ब्रिटन युरोपबरोबर एकाच कस्टम्स व्यवस्थेत राहील, आणि एकट्याच्या मर्जीने त्यातून निघता येणार नाही. कट्टर ब्रेक्झिटवाले म्हणाले, हा सापळा आहे. युरोपवादी म्हणाले, यापेक्षा राहिलेलं बरं. दोघांनी मिळून तो पाडला. १५ जानेवारी २०१९: ४३२ विरुद्ध २०२. पराभव २३० मतांचा, आणि विरोधात मत देणाऱ्यांत त्यांच्याच पक्षाचे ११८ खासदार. १२ मार्चला १४९ मतांनी. २९ मार्चला, म्हणजे ज्या दिवशी बाहेर पडायचं ठरलं होतं त्याच दिवशी, ५८ मतांनी.

मग खासदारांनी म्हटलं, आम्हीच ठरवतो. २७ मार्चला आठ पर्याय मतदानाला आले, आठही पडले. १ एप्रिलला चार आले, चारही पडले. त्यातला कस्टम्स युनियनचा फक्त तीन मतांनी. त्या दिवसांत ऑफिसात कुणी काम करत असेल असं वाटत नाही. सभापती जॉन बर्को यांचं ‘ऑर्डरऽऽर’ भारतात माझी आजीसुद्धा म्हणून दाखवायची.

मग दुसरं सार्वमत का घेतलं नाही?

मागणी मोठी होती. लंडनमध्ये प्रचंड मोर्चे निघाले, कलम ५० मागे घ्या म्हणणाऱ्या संसदेच्या अर्जावर साठ लाखांहून जास्त सह्या झाल्या. युरोपीय न्यायालयाने २०१८ च्या डिसेंबरात सांगितलंही होतं की ब्रिटन हे पत्र एकतर्फी मागे घेऊ शकतो. पण मजूर पक्षाचे स्वतःचे मतदार दोन्हीकडे होते आणि त्यांचे नेते जेरेमी कॉर्बिन फार काळ कुंपणावर बसले. शिवाय एक साधा आक्षेप होता, ज्याला मला कधी चांगलं उत्तर सापडलं नाही: पहिला कौल अमलात आणायच्या आधी दुसरा मागितला, तर तिसरा का नको?

संसद बंद केली होती ती काय भानगड?

जॉन्सन यांनी २०१९ च्या सप्टेंबरात संसद पाच आठवड्यांसाठी स्थगित केली. सर्वोच्च न्यायालयाच्या अकराच्या अकरा न्यायाधीशांनी ते बेकायदा ठरवलं. निकाल वाचणाऱ्या लेडी हेल यांच्या पोशाखावरचा कोळ्याचा ब्रोच निकालाइतकाच गाजला.

जॉन्सन यांनी वेगळं काय केलं?

सीमा समुद्रात नेली. कुठल्याही हुजूर सरकारने असं करू नये, हे त्यांनी स्वतः २०१८ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या ब्रिटननिष्ठ पक्षाच्या अधिवेशनात टाळ्या घेत सांगितलं होतं. वर्षभरात तेच केलं, त्यावर निवडणूक लढवली आणि डिसेंबर २०१९ मध्ये ८० चं बहुमत घेतलं. लोक कंटाळले होते. माझा पोलिश शेजारी आणि ब्रेक्झिटवाला समोरचा म्हातारा, दोघांचं एकच म्हणणं होतं: एकदाचं संपवा. व्यापार करार झाला २४ डिसेंबर २०२० ला, मुदतीच्या आठवडाभर आधी. २०२१ मध्ये इंग्लंडचे सॉसेज बेलफास्टच्या दुकानात जाऊ शकतात का यावर दोन्ही बाजू भांडत होत्या. २०२३ च्या विंडसर चौकटीने, म्हणजे दोन्ही बाजूंच्या नव्या समझोत्याने, त्यातलं बरंच सैल केलं.

पोर्तुगीज पासपोर्ट काढलेल्या गोवेकरांचं काय झालं?

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. त्या पासपोर्टवर हजारो गोवेकर लिस्बनला न थांबता थेट ब्रिटनला आले: स्विंडन, साउथॉल, वेम्बली. गोदामं, विमानतळ, हॉस्पिटलं. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत जे इथे राहत होते त्यांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून राहण्याचा हक्क मिळवता आला. पाच वर्षं झालेल्यांना कायमचा, बाकीच्यांना तात्पुरता. त्यानंतर नव्याने येणाऱ्याला पोर्तुगीज पासपोर्टचा इथे काम करायला उपयोग नाही, व्हिसा लागतो. भारतीय नागरिकत्व सोडून हा पासपोर्ट घेतलेला, पण मुदतीत न पोचलेला माणूस आता आयर्लंड, पोर्तुगाल किंवा जर्मनी बघतो.

भारतीयांचा फायदा झाला की नाही?

काहींचा झाला. युरोपीय लोकांचा मोकळा प्रवेश बंद झाल्यावर नोकरीच्या व्हिसात सगळे एका रांगेत आले. शिक्षणानंतर दोन वर्षं काम करण्याची सोय २०२१ मध्ये परत आली. पुण्या-मुंबईची मुलं त्यावरच आली. परिणामी, स्थलांतर कमी करायला घेतलेल्या निर्णयानंतर निव्वळ स्थलांतर २०२३ च्या सुमारास ९ लाखांच्या वर गेलं आणि मग नियम पुन्हा आवळले. भारत-ब्रिटन व्यापार करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. युरोपीय संघात असताना ब्रिटनला असा वेगळा करार करताच आला नसता. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला मात्र आता औषधांच्या अवशेषांच्या दोन याद्या बघाव्या लागतात, एक युरोपची, एक ब्रिटनची.

नुकसान किती झालं?

सरकारच्याच स्वतंत्र अंदाजपत्रक कचेरीचा अंदाज असा की दीर्घ काळात देशाची उत्पादकता संघात राहिलो असतो त्यापेक्षा ४ टक्क्यांनी कमी राहील. हे कोसळणं नव्हे, झिजणं आहे. म्हणून वादही झिजत झिजत चालूच आहे.

निळा पासपोर्ट परत आला ना?

आला. छपाईचं कंत्राट फ्रेंच-डच कंपनीला गेलं.

आता परत आत जाता येईल?

अर्ज करता येतो, पण सगळ्या सदस्य देशांची संमती लागते. आणि थॅचरबाईंची सवलत, युरो न घेण्याची मुभा, ही जुनी माहेरची लाडकी वागणूक पुन्हा मिळेल याची खात्री नाही. किअर स्टार्मर यांच्या सरकारने २०२५ च्या मे महिन्यात युरोपशी संबंध थोडे सुधारले, त्या बदल्यात युरोपीय बोटींना ब्रिटनच्या पाण्यात मासेमारी २०३८ पर्यंत चालू ठेवू दिली. सामायिक बाजार नाही, कस्टम्स युनियन नाही, हे मात्र त्यांनी आधीच जाहीर केलं होतं.

ब्रेक्झिटमुळे आता युरोप टूरला ब्रिटनचा वेगळा व्हिसा काढावा लागतो का?

काका, तो आधीही वेगळाच लागायचा. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, कधी नव्हताच.